पन्नासाचं एक तप

कौसल्येच्या वहीत कुंकवाचे ठिपके दोन कारणांनी पडत. एक एकादशीच्या तारखेशेजारी. दुसरा बुधवारच्या एखाद्या पानावर, नाखवाची गोष्ट फार मनात बसली असेल तर. दोन्ही ठिपके एकाच करंड्यातले, आणि याची तिला पहिल्यापासून बारीकशी टोचणी होती. टोचणी होती, पण ठिपका देणं काही थांबलं नव्हतं.

वहीची सवय माहेरची. कणकवलीकडे तिचे वडील भजन करत. ते म्हणत, दिवस मावळला की त्याचा झाडा देवाला द्यावा, उद्यावर ठेवू नये. चौथी पास झालेल्या मुलीनं ते शब्दशः घेतलं. लग्न होऊन लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी दोन कोऱ्या वह्या होत्या. नवरा, रामदास घाडी, गिरणीत मागावर. तो कामावर गेला, दोन मुली शाळेत गेल्या, की हिची पूजा, मग पोथी, मग स्वयंपाक, आणि दिवेलागणीनंतर वही. आज काय रांधलं, कोण आलं, कुणाला काय टाकून बोलले. मजल्यावरच्या बायकांत अक्षरओळख असलेली ती एकटीच, त्यामुळे श्रावणातल्या कहाण्या, एकादशीचं माहात्म्य, सगळं वाचायचा मान तिचा. "कौसल्यावहिनी वाचते तेव्हा देव कठड्याला टेकून ऐकतो," असं शेजारच्या सुंदरामावशी म्हणायच्या. कौसल्या वरवर "काहीतरीच हं मावशी" म्हणे, आणि रात्री वहीत हे वाक्य उतरवून ठेवी.

आता नाखवाचं. कौसल्येच्या आणि कमलाबाईंच्या खोलीत भिंत नव्हती, फळ्यांचा पडदा होता. कमलाबाईंकडे रेडिओ. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला त्यावर ‘नक्षत्रांचा नाखवा’ लागे. वर्षानुवर्षं चाललेली श्रुतिका, अर्ध्या तासाची. हा नाखवा समुद्राऐवजी ताऱ्यांतून गलबत हाकणारा, आणि दर आठवड्याला एका नव्या जगाच्या बंदराला लागणारा. कमलाबाईंच्या दारात गॅलरीभर माणसं बसत. कौसल्या बसत नसे. पोथी वाचणाऱ्या बाईनं चांदण्यांतल्या बोटीच्या गप्पा ऐकत चारचौघींत बसायचं, हे तिला बरं दिसत नव्हतं. ती आपली तांदूळ निवडायचं ताट घेऊन फळ्यांना खेटून बसे, आणि एका फटीला कान लावी.

चाळीत ज्याची त्याची आवडती गोष्ट ठरलेली होती. रामदासला ती, ज्यात एका जगातले माग माणसांविरुद्ध संप करतात. हसून हसून तो म्हणे, "आमच्या खात्याच्या मास्तरला ऐकवायला पाहिजे." पोरांना विजेच्या माशांची. कौसल्येची पहिली आवडती दोन सूर्यांची. त्या जगात एक सूर्य मावळला की दुसरा वर. संध्याकाळ कधी होतच नाही. त्यामुळे दिवा कुणी लावत नाही, आणि घरी परतायची वेळ कुठली हे कुणाला कळतच नाही. नाखवा आपलं शीड आभाळात ताणून धरतो, घटकाभर सावली करतो, आणि हजारो आया उंबऱ्यात येऊन हाका मारायला लागतात. दुसरी आवडती तांब्याच्या माणसाची. तो गलबतावरचा आचारी. सगळ्यांना वाढतो, स्वतः खात नाही, चव काय असते ते त्याला ठाऊक नाही. एकदा तो रडतो, आणि आतून कळकतो. खलाशी त्याला कल्हई करून देतात. त्या दिवशी कौसल्येनं आपली सगळी पितळी भांडी कल्हईवाल्याकडे दिली होती.

तिसरी आवडती काळ्या ताऱ्याची. तीच पुढं तिच्या अंगाशी आली.

त्याआधी सुंदरामावशींचं सांगायला हवं. मावशी टोकाच्या खोलीत राहात, सून शेवंतीबरोबर. मुलगा दौलत छपन्न सालच्या जानेवारीत, मुंबई पेटली होती त्या दिवसांत, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणत घरातून गेला तो परत आला नाही. त्याच्याबरोबरचा रघु सांगे, "मी त्याला पडताना बघितला. मग पळापळ झाली." पण मृतदेह काही मिळाला नाही. मावशी चार इस्पितळं हिंडल्या, चौक्या हिंडल्या. हाती काही लागलं नाही. मग त्या रोज संध्याकाळी दाराशी दिवा ठेवायला लागल्या. गावाकडची रीत अशी, की माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची, आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर बायको सवाष्ण, तोवर ती अडकलेली.

शेवंती तेव्हा वीस वर्षांची. गिरणीत बॉबिनखात्यात कामाला जायची, मान खाली घालून यायची. अठ्ठावन्न साल उजाडलं तसं परळचे कुशाबा चाळीत यायला लागले. त्यांचा पुतण्या भिवा रंगखात्यात होता, बायको बाळंतपणात गेलेली. भिवा स्वतः शांत, निर्व्यसनी. त्यांच्यात विधवेनं पाट लावायची रीत होतीच. कुशाबांनी मावशींना समजावलं, गावच्या चार वडीलधाऱ्यांकडून निरोप आणवले: रघुनं डोळ्यांनी पाहिलंय, बारा वर्षं कशाला, आईनं तोंडानं ‘गेला’ म्हणावं, दिवस घालावेत, आणि पोरीला मोकळी करावी. दोन महिने मावशी हो म्हणेनात. मग एकदा कौसल्येच्या समोरच त्या कुशाबांना म्हणाल्या, "अधिक महिना लागतोय. देवाचा महिना आहे, तेवढा सरू दे. मग घालते दिवस." आणि पदरानं तोंड झाकून बसल्या.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. महिनाभर रोज दुपारी कौसल्येच्या खोलीत अधिक महिन्याची पोथी लागली. बाया एकभुक्त. अध्याय ऐकल्याशिवाय घास घ्यायचा नाही असा नेम. कौसल्या आधी ओव्या वाची, मग सोप्या भाषेत अर्थ सांगे, आणि दर वाक्याला सुंदरामावशींचा हुंकार येई, "बरं." ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर सांगणाऱ्याला पाप लागतं, असं मावशी मानत. त्यांचा "बरं" इतका नेमका पडे की कौसल्येला तो वाक्याचाच भाग वाटायला लागला होता.

विसाव्या अध्यायाच्या आदल्या दिवशी बुधवार होता. कौसल्या पोथी फडक्यात बांधत होती, तेवढ्यात फळ्यांपलीकडे नाखवाची शिट्टी वाजली. हातातलं बोचकं तिनं पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवलं आणि फटीला कान लावला. झाकण तिरकं होतं. अर्ध्या तासानं ती वळली तेव्हा पोथी पिंपात होती.

सुटी पानं. वरची आणि खालची कशीबशी निघाली. मधली, एकोणिसाव्यापासून चोविसाव्यापर्यंतची, एकमेकांना चिकटून त्यांचं घावनासारखं झालं होतं. शाई पसरली होती. तिनं ती चुलीच्या वरच्या फळीवर वाळत घातली, वर परात झाकली, आणि रामदासला सांगितलं नाही. वहीत लिहिलं, "आज मेथीची भाजी. मुलींना खोकला." बस्स.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा बाया येऊन बसल्या. सुंदरामावशी पुढं, भिंतीला टेकून, उपाशी पोटी ओठ सुकलेले. कौसल्येनं फडकं सोडलं. सांगता आलं असतं. ‘पोथी भिजली बायांनो, माझ्या हातून भिजली, आज देवाचं नाव घेऊन उठा.’ एवढंच वाक्य. पण पुढचा प्रश्न तिला ऐकू येत होता: कशी गं भिजली? आणि कमलाबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या असत्या, काल बुधवार होता, नाही का?

तिनं फडक्याखाली आपली वही सरकवली. वही उघडली ती कुंकवाच्या ठिपक्यावर. काळ्या ताऱ्याची फेरी.

"अध्याय विसावा," कौसल्या म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाल्या.

सुरुवातीला तिचा आवाज चाचरत होता. पण गोष्ट तिनंच आपल्या शब्दांत उतरवलेली, आणि तिचे शब्द कायम पोथीच्या वळणाचे. गलबताचं विमान झालं. नाखवाच्या हाताखालच्या तांडेलाचा एका गरीब आईचा एकुलता एक पुत्र झाला. तो विमानात बसून काळ्या ताऱ्याच्या लोकाला गेला. तिथं काळ फार हळू चालतो. तीन दिवस राहिला, फळं खाल्ली, आणि परतला.

"बरं."

"तर इथं पृथ्वीवर..." कौसल्या थांबली. वहीत लिहिलं होतं, पन्नास वर्षं. पन्नास हा आकडा तिला पोथीच्या तोंडी बसेना. रेशनच्या हिशेबातला वाटला. पोथीत काळ असा सुटा नसतो. "तर इथं पृथ्वीवर एक तप लोटलं होतं," ती म्हणाली. "बारा वर्षं. पण तो गेला तसाच परत आला. तेच वय, तेच केस, अंगात तोच सदरा."

हुंकार आला नाही. तिनं वर पाहिलं. मावशी भिंतीपासून सुटून पुढं वाकल्या होत्या, दोन्ही हात जमिनीवर टेकलेले. अशा नजरेनं कौसल्येकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, ना माहेरी, ना सासरी. वहीत पुढं जे लिहिलं होतं ते तिला त्या नजरेसमोर वाचवेना. खरं सांगायचं तर वाचावंसंही वाटेना.

"आणि त्याची आई?" मावशींनी विचारलं.

"आई दारात बसली होती," कौसल्या म्हणाली. "दिवा लावून."

मावशींनी कपाळ जमिनीला टेकलं. बाया डोळे पुसत उठल्या. "आजच्या अध्यायासारखा अध्याय नाही," म्हणत कमलाबाईसुद्धा नमस्कार करून गेल्या. रेडिओ असलेल्या त्या एकट्या बाईला गोष्ट कशी ओळखू आली नाही, याचं कौसल्येला नवल वाटलं. मग आठवलं, बुधवारी कमलाबाई दारातल्या लोकांना चहा देण्यात असतात. गोष्ट त्या कधी सलग ऐकतच नाहीत, आणि बाकीच्या बाया त्या वेळी चुलीपाशी.

वहीत त्या संध्याकाळी तिनं लिहिलं, "अध्याय विसावा वाचला." एकविसाव्याला तिनं गिरगावातल्या मावसबहिणीकडून दुसरी पोथी मागवून घेतली होती. कुणाला काही कळलं नाही. प्रकरण मिटलं असं तिला वाटलं.

चार दिवसांनी कुशाबा आले. गॅलरीत बसून मावशींशी बोलत होते, कौसल्या आत पीठ मळत होती.

"दिवस कधी घालायचे ते ठरवून टाकू," कुशाबा म्हणाले. "भटजींना सांगायला हवं."

"दिवस नाही घालायचे," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पोथीत आलंय. एक तप. अडीच वर्षं झाली, साडेनऊ राहिली. तो येणार तसाच येणार, तेच वय. मग बायको घरात नको? मी काय तोंड दाखवू त्याला?"

"अहो पण सुंदराबाई, रघुनं डोळ्यांनी..."

"रघु माणूस आहे. पोथी देवाची." मावशींच्या आवाजात इतके दिवस नसलेला जोर होता. "कुशाबा, तुम्ही दुसरी मुलगी बघा. रागावू नका."

कुशाबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "भिवाला मी दिवाळीपर्यंत थांबवतो. पुढं माझं त्याच्यापुढं चालायचं नाही." आणि जिना उतरून गेले.

कौसल्येचे हात परातीत तसेच राहिले. साडेनऊ वर्षं. तिनं मनातल्या मनात शेवंतीचं वय मोजलं आणि पीठ पुन्हा मळायला घेतलं, मळलेलंच पीठ. संध्याकाळी रामदासनं पोळी तोंडात घालून विचारलं, "आज पोळ्या एवढ्या चिवट का?" तिनं त्याला वरण वाढलं. सांगायचं ठरवून ती दोनदा मावशींच्या दारापर्यंत गेली. एकदा मावशी दौलतचा सदरा धुऊन वाळत घालत होत्या. "घडीत विरून जाईल ना बाय, साडेनऊ वर्षं," त्या हसून म्हणाल्या. असं हसताना कौसल्येनं त्यांना अडीच वर्षांत पाहिलं नव्हतं. ती मीठ मागून परत आली. घरात मीठ भरपूर होतं.

अधिक सरायला तीन दिवस राहिले असताना एका सकाळी नळावर शेवंती भेटली. नळाला अजून पाणी यायचं होतं, दोघींच्याच कळशा होत्या.

"वहिनी," शेवंती कळशीकडे बघत म्हणाली, "ती काळ्या ताऱ्याची गोष्ट मी ऐकली होती. फाल्गुनात. कमलाताईंच्या दाराबाहेर उभी होते."

कौसल्येनं पदर पुन्हा कमरेला खोचला.

"त्यात पन्नास वर्षं होती," शेवंती म्हणाली. "आये घरी येऊन बारा म्हणाली तेव्हा मला वाटलं, वहिनींनी माझ्यावर दया केली. अडतीस वर्षं सोडली."

हे ती कुचकेपणानं बोलली असती तर कौसल्येला बरं वाटलं असतं. पण शेवंती सरळ बोलत होती, पगाराच्या दिवशी रांगेत नंबर सांगावा तशी.

"तू का नाही सांगितलंस आयेला?"

"काय सांगू? कौसल्यावहिनी देवाच्या नावानं खोटं बोलल्या म्हणून?" शेवंतीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "ती आता जेवते, वहिनी. अडीच वर्षांनी पोटभर जेवते. मी कुठल्या तोंडानं तिचं ताट ओढू? मी खोटं बोलले नाही, मग मी का ओढू?"

नळ खाकरला आणि पाणी आलं. शेवंतीनं आधी कौसल्येची कळशी पुढं सरकवली. "तुमची भरून घ्या. तुम्हाला पूजा असते."

त्या दिवशी कौसल्येची पूजा झाली नाही. देवासमोर बसली, पण हातातली फुलं हातातच राहिली.

अधिक सरायच्या दिवशी, अमावास्येला, पोथीची समाप्ती होती. या महिन्यात तेहतीस अनारशांचं वाण जावयाला द्यायची रीत. ज्यांना जावई होते त्यांनी तिकडे दिलं, इतरांनी कौसल्येपुढे खण-नारळ ठेवले. सुंदरामावशी सगळ्यात शेवटी उठल्या. त्यांच्या हातात पितळी ताट होतं, वर पांढरं फडकं. फडक्याखाली अनारसे, खसखशीत घोळवलेले, मोजून तेहतीस. या वयात तांदूळ भिजवून, कुटून, एकटीनं तळलेले.

"मला जावई नाही," मावशी म्हणाल्या. "मला लेक पण एकच. तो ज्या तोंडातून मला परत मिळाला त्या तोंडाला वाण देते." ताट खाली ठेवून त्या वाकल्या आणि त्यांनी कौसल्येच्या पायांना हात लावला.

पासष्ट वर्षांच्या बाईचा हात. कौसल्येनं पाय असे ओढून घेतले की समई हलली.

"मावशी, नका."

"का गो?"

"विसावा अध्याय पोथीतला नव्हता."

कौसल्या उठली, चुलीवरच्या फळीवरून परात काढली आणि वाळून कडक झालेलं पानांचं घावन आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. मग तिनं सांगितलं. पिंपाचं झाकण, बुधवार, फट, वही. मधे थांबून सारवासारव करावीशी वाटली, तेव्हा तिनं शेवंतीकडे पाहिलं. शेवंती आज रजा काढून दाराशी बसली होती. मग सारवासारव झाली नाही.

"म्हणजे आमच्याच रेडिओला कान लावून आम्हालाच पोथी?" कमलाबाई म्हणाल्या. "आणि आम्ही नमस्कार पण केला त्या नाखवाला." मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. एकीनं आपला नारळ उचलून पदराखाली घेतला. कौसल्येनं ते बघितलं, आणि तिला ते योग्यच वाटलं.

सुंदरामावशी पानांच्या घावनाकडे बघत होत्या. "मग ती गोष्ट कुणाची?"

"माणसानं लिहिलेली. करमणुकीची."

"खरी कशी होती ती? तू फिरवलीस ती नको. होती तशी सांग."

"मावशी, कशाला आता..."

"सांग."

कौसल्येनं वही घेतली नाही. पाठ होती. "तांडेल काळ्या ताऱ्याला फेरी घालून आला," ती म्हणाली, आणि सवयीनं थांबली.

"बरं," मावशी म्हणाल्या.

"तीन दिवस राहिला. बंदरात उतरला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती."

"पन्नास. बरं."

"घराच्या जागी घर नव्हतं. तुळशीचा दगड तेवढा राहिला होता. आई... आई कधीच गेली होती."

मावशींना वेळ लागला. पण हुंकार दिला त्यांनी. "बरं."

"शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी नातवंडांना भरवत होती. ती त्याची बायको. तिनं दुसरं घर केलं होतं, संसार केला होता. तिनं त्याला ओळखलं नाही. उन्हातून आलाय म्हणून गूळपाणी दिलं. विचारलं, कुठल्या गावचे? तो म्हणाला, लांबचा. पाणी प्याला आणि गलबताकडे परत गेला."

मावशींनी घावनातलं एक सुटं पान बोटानं जागेवर दाबलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी दिलंन ना तिनं त्याला?"

"दिलं."

"बरं."

त्यांनी शेवंतीला हाक मारली, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, आणि अनारशांचं ताट उचललं. कौसल्येनं मान खाली घातली. दारात मावशी थांबल्या. आवाज चढवला नाही.

"माझा पोर गेलाच होता गो कौसल्ये. तू त्याला आणलास, नि आज परत नेलास."

भाद्रपदात मावशींनी दौलतचे दिवस घातले. दिवाळीनंतर शेवंतीचा भिवाशी पाट लागला, आणि ते तेहतीस अनारशांचं ताट समाप्तीच्या दिवशीच कुशाबांच्या घरी पोचलं होतं असं कौसल्येनं नंतर ऐकलं. पाटाचं आमंत्रण तिला होतं. ती गेली नाही, गॅलरीतून खाली टांग्यात बसणारी शेवंती तिनं पाहिली. रामदास म्हणाला, "झालं ते झालं. पोथी भिजली तेव्हाच बोलली असतीस तर एक शिवी खाल्ली असतीस, एवढंच." त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते ऐकवेना.

पोथी वाचायचा मान कमलाबाईंच्या खालच्या मजल्यावरच्या नणंदेकडे, राधाकडे, गेला. कौसल्या ऐकायला जाई आणि उंबऱ्याजवळ बसे. सुंदरामावशीही येत, पुढंच बसत, पण हुंकार देत नसत. राधाला नव्हे, कुणालाच नाही. राधा बिचारी दर वाक्यानंतर थांबायची, मग पुढं जायची. ती पोकळी एवढ्या खोलीत कशामुळे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं. बुधवारी फळ्यांपलीकडे नाखवाची शिट्टी वाजे, कौसल्येला ती टाळता येत नसे, पण वहीत ठिपका देणं सुटलं. मागचं एक पान तिनं काढलं, "अध्याय विसावा वाचला" यावर रेघ मारली, आणि पुढं काय लिहावं ते न सुचून तसंच ठेवलं.

साठ सालच्या मे महिन्याची एक तारीख आली. महाराष्ट्र झाला. चाळीच्या प्रत्येक कठड्यावर पणत्या लागल्या होत्या, खाली ढोल वाजत होता. संध्याकाळी शेवंती आली, कडेवर सात महिन्यांची मुलगी. आधी सुंदरामावशींच्या पाया पडली. मावशींच्या दाराशी त्या दिवशी दोन पणत्या होत्या. त्यातल्या एका पणतीकडे बघून त्या काहीतरी पुटपुटल्या, ते दौलतला होतं हे सगळ्यांना कळलं. बाळाला मांडीवर घेतलं, मग परत शेवंतीकडे दिलं आणि तांदळाचं ताट पुढं ओढून निवडायला बसल्या. कौसल्या तीळगुळाच्या डब्यात शेवया घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली.

"बसा की वहिनी," शेवंती म्हणाली. "आमच्याकडे रेडिओ नाही. नाखवा आता कुठं पोचला? एखादी सांगा ना."

कौसल्येनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी ताटातला खडा उचलला, बाजूला टाकला.

"कुठली सांगतेयस ते आधी बोल," त्या वर न बघता म्हणाल्या. "पोथीतली की पेटीतली?"

"पेटीतली," कौसल्या म्हणाली.

"मग सांग."

ती उंबऱ्याच्या आत बसली. "एका जगाला दोन सूर्य होते," तिनं सुरुवात केली. "एक मावळला की दुसरा वर यायचा. त्यामुळे तिथं संध्याकाळच होत नसे."

ती थांबली. मावशी तांदूळ निवडत राहिल्या. बोटं ताटावरून फिरत होती, ओठ मिटलेले. खालून ढोलाचा आवाज येत होता. कौसल्येला वाटलं, आता पुढचं वाक्य आपल्याला येणार नाही.

"बरं," शेवंती म्हणाली, बाळाला थोपटत. "मग?"